तानपुऱ्याच्या तारांचा मेनू: एका गायिकेच्या वेबसाइटची गोष्ट

ताईंचा फोन आला तो असा, "अरे, माझी वेबसाइट जरा उघडून बघ, त्यात माझा नंबर आहे ना?" मी उघडली, शोधला, मिळाला, पण मिळायला वेळ लागला आणि माझं तर पोटच वेबसाइट करण्यावर आहे.

झालं होतं असं की ताई मिरजेच्या, ख्याल गातात, नाट्यसंगीत आणि अभंगही गातात (नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही). एका मंडळाला दिवाळी पहाटसाठी त्या हव्या होत्या. मंडळातल्या एकाने साइट उघडली, इकडेतिकडे बोटं मारली, नंबर काही सापडला नाही. मग तबलजी, तबलजीचा मेहुणा, मेहुण्याचा मित्र अशी साखळी लावत लावत तिसऱ्या दिवशी फोन लागला, तोवर ताईंनी ती तारीख दुसरीकडे दिलेली होती. पहाटेचा कार्यक्रम, वर्षातून चार-पाच दिवसांचा सीझन, त्यात एक तारीख गेली की ती पुढच्या वर्षीच.

आता जुन्या साइटबद्दल. ती ताईंच्या एका शिष्याने केलेली, मुलगा इंजिनिअर, मनापासून केलेलं काम. पूर्ण स्क्रीनभर तानपुऱ्याचा फोटो, गडद तपकिरी, त्यावर सोनेरी चार तारा. त्या चार तारा म्हणजेच मेनू. पहिली तार पंचमाची, तिच्यावर माउस नेला की 'परिचय' असं उमटायचं, मधल्या जोडीच्या दोन तारा म्हणजे 'कार्यक्रम' आणि 'ध्वनिमुद्रण', शेवटची खरजाची तार म्हणजे 'संपर्क'. लॅपटॉपवर खरंच देखणं दिसायचं, हे मी आधीच कबूल करतो. तार थरथरायची सुद्धा. मिरजेच्या गायिकेच्या साइटवर तानपुरा असणं काही वावगं नाही, गावच तानपुऱ्यांचं आहे, सतारमेकर गल्लीत अजून पंढरपूरकडच्या भोपळ्यांवर काम चालतं, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं.

पण फोनवर माउस नसतो. त्यामुळे फोनवर चार तारांवर काहीच उमटायचं नाही, नुसता एक तानपुरा दिसायचा आणि माणूस विचार करत बसायचा की साइट अजून लोड होतेय का. अशा प्रकाराला १९९८ मध्येच व्हिन्सेंट फ्लँडर्स नावाच्या माणसाने नाव देऊन ठेवलंय, मिस्टरी मीट नेव्हिगेशन, म्हणजे अमेरिकन शाळेच्या कँटीनमध्ये ताटात पडलेलं मांस नेमकं कशाचं ते खाल्ल्याशिवाय कळत नाही तसं. आपल्याकडे हॉस्टेलच्या मेसमध्ये राहिलेल्यांना मिक्स भाजी म्हटलं की लगेच कळेल.

मी ताईंना म्हटलं, सरळ साधी साइट करू, वर डावीकडे तुमचं नाव, शेजारी मेनू, खाली फोन नंबर. त्या म्हणाल्या, "मग माझी साइट आणि बँकेची साइट यात फरक काय राहिला?"

यावर मी जे बोललो ते आठवलं की अजून लाज वाटते. मी त्यांना जेकब नील्सन सांगायला लागलो, साइट वापरायला सोप्या कशा कराव्यात यावर लिहिणारा माणूस. लोक आपला बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या साइटवर घालवतात म्हणून तुमची साइटही त्या दुसऱ्या साइटसारखीच चालावी अशी त्यांची अपेक्षा असते, वगैरे. सगळं बरोबर, पण ज्या बाईने आयुष्यभर स्वतःची गायकी वेगळी ओळखू यावी म्हणून घासलीय तिला 'दुसऱ्यांसारखं करा' हे सांगायची ही पद्धत नव्हे. त्यांनी शांतपणे चहा ओतला आणि विषय बदलला.

गाडी पुढे सरकली ती तानपुऱ्याच्या आवाजामुळे. जुन्या साइटवर पार्श्वभूमीला तानपुरा वाजत राहायचा, म्हणजे वाजायला हवा होता. क्रोमने २०१८ पासून, पाहणाऱ्याने कुठे तरी टॅप केल्याशिवाय आपोआप आवाज सुरू करणं बंद केलं, त्यामुळे साइट उघडली की शांतता आणि माणसाने पहिल्यांदा बोट लावलं की तानपुरा सुरू. आता पहिलं बोट कुठे लागणार, तर पुष्कळदा रेकॉर्डिंगच्या प्ले बटणावर. म्हणजे गाणं आणि तानपुरा एकदम सुरू. मी ताईंसमोर त्यांचंच एक जुनं नाट्यपद लावलं, पंधरा वर्षांपूर्वीचं, तेव्हा ताई 'काळी पाच' या पट्टीत गायच्या (म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा). साइटवरचा तानपुरा आत्ताचा, काळी चारचा. दोन स्वर एकमेकांच्या अंगावर. ताईंनी तीन सेकंदांत कानाला हात लावला. "बंद कर, बंद कर, हे लोक ऐकतायत? किती दिवस?" मी म्हटलं, साइट झाली त्या दिवसापासून.

शेजारी पेटीवाले काका बसले होते, ते तोवर एक अक्षर बोलले नव्हते. ते म्हणाले, "ताई, दर मैफलीत तंबोरा आधी लागतो, तोच सा, तोच प. कोणी म्हणतं का की हा तर कालच ऐकला होता? तो लागलेला असला की कोणाचं लक्षच जात नाही तिकडे. लागलेला नसला की मात्र सगळ्यांचं जातं." मला दोन आठवड्यांत जे सांगता आलं नाही ते काकांनी पान जुळवता जुळवता सांगून टाकलं. मेनू कुठे असावा, नंबर कुठे असावा, हे सगळं त्या दिवसापासून आमच्यात 'तंबोऱ्याचं काम' झालं.

ओळखीचं, पण कोणाच्या ओळखीचं

इथे मी थोडा थांबलो, कारण पुढची चूक मीच करणार होतो. माझ्या डोक्यात ओळखीचं म्हणजे परदेशी बँडच्या साइट, वर मोठा फोटो, खाली टूर डेट्स, मग मर्चंडाइज, मग न्यूजलेटर. पण ताईंच्या साइटवर येतं कोण? मंडळाचे कार्यकर्ते, शिकवणीची चौकशी करणाऱ्या आया, नाट्यसंगीत ऐकणारे साठीपुढचे लोक आणि अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या महाराष्ट्र मंडळाचं कोणीतरी. यातले बहुतेक जण दुसऱ्या गायकांच्या साइट बघत बसत नाहीत. त्यांच्या 'दुसऱ्या साइट' म्हणजे व्हॉट्सॲप आणि यूट्यूब, आणि तिसरी एक गोष्ट जी साइट नाहीच, कार्यक्रमाची छापील पत्रिका.

ही पत्रिका माझ्या लक्षातच आली नव्हती. पाच जणांच्या हातात जुनी साइट आणि एक कच्चा आराखडा देऊन बसलो (पाच माणसांत बहुतेक घोळ बाहेर येतात असं नील्सनने २००० साली लिहिलंय, आणि सांगलीत रविवारी दुपारी पाचापेक्षा जास्त जागी माणसं मिळत पण नाहीत). त्यांना म्हटलं, ताईंना कार्यक्रमाला बोलवायचंय, नंबर शोधा. तिघं मेनूकडे गेलेच नाहीत. सरळ तळापर्यंत गेले. का, तर पत्रिकेत संपर्क तळाला असतो, निमंत्रक, फोन, सगळं खाली. एका काकूंनी हिरवं व्हॉट्सॲपचं चिन्ह कुठे आहे ते आधी शोधलं, ते नाही म्हटल्यावर "मग फोन कुठून करायचा?" असं मलाच विचारलं. आणि एका कार्यकर्त्याने फोटोवर बोट दाबून धरलं, कारण त्याला फोटो सेव्ह करून थेट फ्लेक्सवाल्याला पाठवायचा होता. साइट बघण्यात त्याला शून्य रस होता, त्याला फोटो पाहिजे होता, बस.

म्हणून संपर्क दोन ठिकाणी गेला, वर मेनूत आणि तळाला पत्रिकेसारखा मोठ्या अक्षरात, टॅप केला की थेट फोन लागेल असा, शेजारी व्हॉट्सॲप. फॉर्म ठेवलाच नाही. 'आपला संदेश लिहा' वाला फॉर्म मंडळाचा माणूस भरत नाही, आणि कोणी भरलाच तर ताई तो ईमेल कधी बघणार. बटणं मोठी ठेवली, ॲपल किमान ४४ पॉइंट म्हणतं, गूगल ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं), आम्ही त्याहून जरा ऐसपैस केली कारण बोटं पासष्टीची आहेत. तपकिरीवर सोनेरी अक्षर गेलं, वाचता येण्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ असा उजेडाचा फरक लागतो, जुन्या साइटवर तो अर्धासुद्धा भरत नव्हता.

मेनूतल्या शब्दांवरून मात्र भांडण झालं. ताईंना परिचयाऐवजी 'स्वरयात्रा' हवं होतं, कार्यक्रमांना 'मैफलीच्या वाटा'. मी त्यांना एवढंच विचारलं की मंडळाचा माणूस फोनवर काय म्हणतो, "ताई, मैफलीची वाट आहे का नोव्हेंबरात?" त्या हसल्या आणि 'कार्यक्रम' मान्य झालं. शेवटी शब्द राहिले ते परिचय, कार्यक्रम, ऐका, शिकवणी, आयोजकांसाठी, संपर्क. फोनवर हे सगळं तीन आडव्या रेघांच्या चिन्हात जातं. ते चिन्ह नॉर्म कॉक्सने झेरॉक्स स्टारसाठी काढलं, तो संगणक १९८१ मध्ये आला, म्हणजे चिन्ह तसं जुनं, तरी आमच्या पाचपैकी दोघांना त्या रेघा म्हणजे नक्षी वाटली. तिथे नुसता 'मेनू' हा शब्द शेजारी लिहिला आणि प्रश्न मिटला.

प्लेअर, आणि जिथे ओळखीचं चालत नाही ते

इथपर्यंत सगळं तंबोऱ्याचं काम. 'ऐका' पानावर आलो आणि पंचाईत झाली, कारण गाण्याच्या ॲप्सची सगळी रीत तीन-चार मिनिटांच्या गाण्यावर बेतलेली आहे. गाणं, कलाकार, अल्बम, शफल, पुढचं गाणं आपोआप. ताईंचा यमन चाळीस मिनिटांचा आहे. आणि शफल? विलंबित (आधीचा संथ भाग) आणि द्रुत (नंतरचा जलद) वेगवेगळ्या फाइल केल्या असत्या तर शफलने आधी द्रुत वाजवून मग विलंबित ऐकवलं असतं, म्हणजे जेवण झाल्यावर पानं मांडायची.

चिन्हं तशीच ठेवली, त्रिकोण म्हणजे सुरू, दोन उभ्या रेघा म्हणजे थांब, खाली सरकणारी पट्टी. याला हात लावायचा नाही, हे टेपरेकॉर्डरच्या काळापासून बोटात बसलंय. पण शफल काढलं. आपोआप पुढचं वाजणंही काढलं, कारण यमन संपल्यावर कानात जे काही सेकंद उरतं त्यावर लगेच दुसरं काही आदळू नये हा ताईंचा आग्रह होता आणि तो मला शंभर टक्के पटला. पट्टीवर खुणा दिल्या, आलाप इथे, विलंबित इथे, द्रुत इथे, तराणा इथे. ही कल्पना माझी नव्हे, यूट्यूबच्या चॅप्टर्सची आहे, त्यामुळे कोणाला समजावून सांगावी लागली नाही. अल्बमच्या जागी राग, ताल आणि बंदिशीचे शब्द आले, आणि खाली पत्रिकेत असते तशी साथसंगत, तबला कोण, पेटी कोण, तानपुऱ्यावर कोणत्या शिष्या. मोठ्या ॲपवर तानपुऱ्यावर कोण बसलंय हे सहसा दिसत नाही. ताईंनी हे पान बघितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या तोंडून "हं, हे माझं आहे" असं आलं.

मग त्यांना धीर आला आणि त्यांनी मनातली खरी इच्छा सांगितली, साइटने वेळ ओळखावी. सकाळी उघडली तर भैरव किंवा तोडी पुढे करावी, दुपारी सारंग, सूर्य मावळताना मारवा, दिवेलागणीनंतर यमन, रात्री उशिरा मालकंस. मी आधी नको म्हणणार होतो, परत तानपुऱ्याच्या तारांकडे चाललोय असं वाटलं. पण नीट पाहिलं तर इथे कोणाला काही शोधायला लागत नाही, कोणाचं काही अडत नाही, पहिल्या पानावर एक चौकट, 'आत्ता ऐकावं असं', आणि त्यात एक प्ले बटण. आणि हे दुसऱ्या कुठल्या साइटला शोभणार पण नाही. शिवाय एक गंमत अशी की रात्रीचे राग खुल्या मंडपात ऐकायची सोय आता जवळजवळ उरलेलीच नाही. मोजके दिवस सोडले तर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत, त्यामुळे मालकंस त्याच्या खऱ्या वेळी ऐकायचा तर घरी, हेडफोनवरच.

केलं. आणि पहिल्याच संध्याकाळी ताईंचा फोन, "अरे, संध्याकाळी सात वाजता वृंदावनी सारंग कोण गातं रे?" मी वेळ सर्व्हरवरून घेतली होती, सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचचं, साडेपाच तास मागे, म्हणजे आपल्याकडे सात वाजले तेव्हा त्याच्या दृष्टीने दुपारचे दीड. नुसतं भारतीय वेळेवर टाकलं असतं तरी भागलं नसतं, कारण न्यू जर्सीत सकाळी चहाच्या वेळी कोणी साइट उघडली तर त्याला मारवा मिळाला असता. आता वेळ पाहणाऱ्याच्या फोनमधूनच घेतो, जिथे सकाळ तिथे भैरव. एवढा साधा घोळ मला माझ्या टेस्टिंगमध्ये दिसला नाही कारण मी साइट तपासायचो रात्री, आणि मला राग कुठल्या प्रहराचा हे पटकन कळतही नाही. ताईंना ते घड्याळ न बघता कळतं.

देवनागरीचे हाल

हे सगळ्या मराठी साइटना लागू आहे म्हणून सांगतो, इथे मात्र ओळखीची रीत चक्क नडते. तयार टेम्प्लेट घेतली की तिच्यात मथळ्यांना अक्षरांमध्ये अंतर दिलेलं असतं, इंग्रजीत ते रुबाबदार दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांत तुटते आणि 'कार्यक्रम' हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते अंतर शून्य करायचं. ओळींमधली जागा मात्र वाढवायची, वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, दोन्ही मावले पाहिजेत. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहायचं, म्हणजे ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपले येतात. आम्ही 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचा मुक्त फाँट 'मुक्ता' वापरला. भाषा बदलायला वर उजवीकडे 'मराठी' आणि 'इंग्लिश' असे शब्द, झेंडे नाहीत. तारखेला महिन्याचं नाव, कारण ५/११ लिहिलं की अमेरिकेतला माणूस ११ मे समजतो.

पोस्टरबद्दल थोडं. जुन्या साइटवर कार्यक्रम म्हणजे पोस्टरचे फोटो होते, फोनवर वाचताच येईनात. आता तारीख, वेळ, सभागृह, गाव हे मजकुरात असतं, मागे कोडमध्ये कार्यक्रमाची स्कीमा, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी माहिती, पण लावलीय म्हणजे गूगललाही कळतं. 'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' ही ओळ मात्र जशीच्या तशी ठेवली, तिच्याशिवाय तो मराठी कार्यक्रम वाटतच नाही. पावसाळ्यात कार्यक्रम कमी, पान रिकामं पडतं, म्हणून खाली झालेले कार्यक्रम राहतात, नाहीतर लोकांना वाटतं बाईंनी गाणं सोडलं.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं पान कोणतं असेल तर 'आयोजकांसाठी', आणि ते दिसायला सगळ्यात नीरस आहे. छपाईला चालतील असे तीन मोठे फोटो, एक उभा, एक आडवा, एक पार्श्वभूमी काढलेला खास फ्लेक्ससाठी. परिचय तीन लांबीचा, पत्रिकेला दोन ओळी, पेपरला एक परिच्छेद, निवेदकाला एक पान. एकच पान, कारण निवेदक तीन पानं वाचत बसतो तोवर स्टेजच्या दिव्यांनी तानपुरे उतरतात, परत लावायला लागतात, हे ताईंचं जुनं दुखणं. मग स्टेजवर काय लागतं ते, माइक किती, मॉनिटर कुठे, बैठक किती उंच, किती माणसं येणार. पूर्वी हे सगळं प्रत्येक वेळी फोनवर सांगावं लागायचं, आता ताई फक्त लिंक पाठवतात. तरी दहातले तीन-चार जण "ताई, फोटो व्हॉट्सॲपवर टाका ना" म्हणतातच, आणि मग फ्लेक्सवर चेहरा धुरकट येतो.

मध्ये त्यांच्या भाच्याने विचारलं की एवढा खटाटोप कशाला, यूट्यूब चॅनेल आहे, इंस्टाग्राम आहे. चॅनेल पाहिजेच, श्रोते तिथेच आहेत. पण मायस्पेस नावाच्या साइटने सर्व्हर हलवताना लोकांनी बारा वर्षांत चढवलेलं संगीत घालवलं, हे २०१९ मध्ये उघड झालं, तेव्हा ज्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती त्यांचं ते गेलंच. ताईंची जुनी रेकॉर्डिंग आता साइटवर आहेत, घरी हार्ड डिस्कवर आहेत आणि शिष्याकडे आहेत. तोच शिष्य, तारांच्या मेनूवाला. मला भीती होती त्याला वाईट वाटेल, पण प्लेअरवरच्या आलाप-द्रुतच्या खुणा त्यानेच बसून लावल्या, एकेक मिनिट ऐकून, माझ्याच्याने ते झालं नसतं.

त्याची एक अट होती, तानपुरा पूर्ण घालवायचा नाही. म्हणून तो आता तळाला आहे, नंबरच्या वर, छोटा, आडवा ठेवलेला. तारांना बोट लावलं की वाजतात, प, सा, सा आणि खरज, काळी चारमध्ये. त्यातून कुठलंही पान उघडत नाही. वर काही वाजत असेल तर तारा मुक्या राहतात, ती काळजी घेतलीय. शिकवणीला येणाऱ्या आयांची पोरं क्लास सुटेपर्यंत तेच करत बसलेली असतात, आणि परवा ताईंनी सांगितलं की त्यातल्या एकीने पंचम जरा उतरलाय असं म्हटलं. मी तपासलं. उतरला होता. रेकॉर्डिंग परत केलं.